किमोच्या उलटीवरची गोळी घाटात का लागू पडत नाही?

रानवारा
नमस्कार. गेल्या वर्षी आईची सिस्प्लॅटिनची किमोथेरपी सुरू होती, तेव्हा ऑन्डान्सेट्रॉनमुळे तिच्या पहिल्या दिवसाच्या उलट्या पूर्ण आटोक्यात राहिल्या. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला गाडी लागते. पूर्वी पोट बिघडले असताना डॉक्टरांनी तिला हेच औषध दिले होते, म्हणून मागच्या आठवड्यात कोल्हापूरहून रत्नागिरीला निघताना मी तिला ते दिले. तरीही आंबा घाट उतरताना तिची बडबड थांबली, जांभयांवर जांभया येऊ लागल्या, तोंडाला पाणी सुटले, चेहरा पांढराफटक पडला आणि साखरपा येण्याआधीच उलटी झाली. किमोपुढे टिकलेले औषध घाटातल्या वळणांपुढे निकामी का ठरावे?

औषधशाळा
ऑन्डान्सेट्रॉन सेरोटोनिन या निरोप्या द्रव्याच्या एकाच प्रकारच्या ग्राहींना (निरोप स्वीकारणाऱ्या पेशींवरील जागांना), म्हणजे ५-एचटी३ रिसेप्टरना, अडवते. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. सिस्प्लॅटिनमुळे आतड्याच्या अस्तरातील पेशी ते एकदम बाहेर टाकतात, त्याने आतड्यातून मेंदूकडे जाणाऱ्या व्हेगस चेतेच्या (नसेच्या) टोकांवरचे हे ग्राही चेतवले जातात आणि ती वर्दी मेंदूच्या देठात, लंबमज्जेतील न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस या पेशीपुंजात पोहोचते. आपल्या आईंच्या बाबतीत गोळीने ही वाट रोखली होती.

घाटातली वर्दी कानातून येते. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका शरीर वळत असल्याचे कळवतात, तर गाडीच्या आत खिळलेल्या डोळ्यांना सारे स्थिर दिसते. हा विसंवाद मेंदूच्या देठातील व्हेस्टिब्युलर केंद्रकांत उमटतो आणि तिथून पुढचा निरोप मुख्यतः हिस्टामिनच्या एच१ आणि ॲसिटिलकोलिनच्या मस्कारिनिक ग्राहींमार्फत जातो. ऑन्डान्सेट्रॉनचा या ग्राहींशी संबंध येत नाही.

आपण मुलीचे जे वर्णन केले आहे, ते मला फार बोलके वाटले. लाळ सुटण्याची आज्ञा देणारी केंद्रके मेंदूच्या देठातच, उलटीची जुळवाजुळव करणाऱ्या पेशीजाळ्याच्या जवळ आहेत, त्यामुळे तोंडाला पाणी सुटले की ते जाळे जागे होऊ लागले असे समजावे. त्यानंतर श्वास रोखला जातो, स्वरयंत्राचे दार मिटते आणि श्वासपटल व पोटाचे स्नायू एकदम आवळतात. कारण कोणतेही असो, हा शेवटचा क्रम तोच राहतो, आणि त्यामुळेच दोन्ही उलट्या आपल्याला एकसारख्या वाटतात.

नीलमोहर
वरील उत्तरात एक भर घालावीशी वाटते. लंबमज्जेतच, चौथ्या मस्तिष्कविवराच्या तळाशी, एरिया पोस्ट्रेमा नावाचा एक छोटा भाग आहे. रक्तातील बहुतेक द्रव्यांना मेंदूत शिरू न देणारा अडसर येथे सैल असतो, त्यामुळे हा भाग रक्तातील विषाची जणू चव घेऊ शकतो. १९५०च्या दशकात बोरिसन आणि वांग यांनी त्याचे उलटीशी असलेले नाते दाखवून दिले. येथे डोपामिनचे डी२ ग्राही आहेत. ते ग्राही अडवणारे डॉम्पेरिडोन हे औषध मेंदूत फारसे शिरत नसूनही उलटी थांबवते, याचे एक कारण हेच आहे. मात्र गाडी लागण्यावर तेही विशेष उपयोगी नाही.

रानवारा
दोघांचेही मनापासून आभार. आईला तिसऱ्या दिवशी मात्र गोळी घेऊनही मळमळत असे आणि पेजेचा वाससुद्धा नकोसा होई. तेव्हा औषधाचा असर संपला होता का?

औषधशाळा
तेव्हा निरोप्या बदललेला असतो. सिस्प्लॅटिननंतरच्या पहिल्या २४ तासांत सेरोटोनिनचा जोर असतो, तर दुसऱ्या दिवसापासून सबस्टन्स पी या द्रव्याचा प्रभाव वाढतो, आणि त्याचे एनके१ ग्राही थेट लंबमज्जेत आहेत. हे द्रव्य १९३१ मध्येच सापडले होते, पण त्याचे ग्राही अडवणारे ॲप्रेपिटंट अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झाले. एवढ्या काळात किती रुग्णांनी तो तिसरा दिवस तसाच सोसला असेल, हा विचार मनाला लागतो. आता सिस्प्लॅटिनबरोबर या गटातील औषध पहिल्या दिवसापासूनच दिले जाते, म्हणून पुढे कधी गरज पडल्यास कर्करोगतज्ज्ञांना त्याविषयी जरूर विचारावे.

मुलीसाठी बालरोगतज्ज्ञांशी प्रोमेथाझिनविषयी बोलावे. ते एच१ आणि मस्कारिनिक हे दोन्ही ग्राही अडवते, त्याने झोप येते आणि दोन वर्षांखालील मुलांना ते देत नाहीत. त्यांनी होकार दिल्यास ते निघण्यापूर्वी अर्धा ते एक तास द्यावे लागेल, कारण मळमळ सुरू झाली की जठर अन्न पुढे ढकलणे जवळजवळ थांबवते आणि गोळी तिथेच पडून राहते.