पडद्यावरच्या शास्त्रज्ञ बाई प्रत्यक्ष काम करताना कुठे दिसतात?

पेट्रीडिश: काल सासूबाईंबरोबर इस्रोच्या मंगळयानावरचा 'मिशन मंगल' पुन्हा पाहिला. त्यातली शास्त्रज्ञ तारा शिंदे गॅस बंद करून तापल्या तेलातच पुऱ्या तळते, तो प्रसंग. सासूबाई खूश. "बघ, कढईतून मंगळ!" पुरीशी माझं भांडण नाही. पण 5 नोव्हेंबर 2013 ला सुटलेलं मंगळयान डिसेंबर उजाडेपर्यंत पृथ्वीभोवतीच घिरट्या घालत होतं. पृथ्वीच्या जवळ आलं की इंजिन पेटवायचं, कक्षा लांबवायची, पुन्हा तेच. त्या आकडेमोडीला किती मिनिटं मिळाली? मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये आहे. निम्मा दिवस लेबलं लिहिण्यात आणि ऑटोक्लेव्हचा (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राचा) दाब उतरायची वाट बघण्यात जातो. सिनेमातल्या बाई मात्र मोकळे केस सोडून बर्नरशेजारी! नीट दाखवलेलं काही आहे का?

खडूफळा: 'हिडन फिगर्स', नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ बायकांवरचा. कॅथरीन जॉन्सन फळ्यापाशी अडते, मग ऑयलरची आकडेमोडीची जुनी पद्धत आठवते, ते झकास. कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या, लांबच्या स्वच्छतागृहाकडे तिची धावाधाव मात्र मीठमसाला. जॉन्सनबाई स्वतः सांगायच्या की त्या सरळ जवळचंच वापरत. त्या स्वच्छतागृहाची पाटी तोडणारा गोरा साहेबही पटकथेतलाच.

पेट्रीडिश: म्हणजे तिथेही टाळ्या साहेबालाच!

जुना_प्रेक्षक: आपल्या जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींवर कुणीतरी सिनेमा करा राव. पण केला तरी धाकधूकच. 1933 मध्ये बाई म्हणून सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, त्यातच मध्यंतर होईल. पुढे केंब्रिजला त्यांनी बटाट्यात सायटोक्रोम-सी (पेशींच्या श्वसनातलं एक प्रथिन) शोधलं, ते गाण्याच्या मागे दोन सेकंद.

खडूफळा: आणि बटाटा दिसला की भाजी आलीच.

अर्धीचटणी: अणुभट्टीच्या अपघातावरची 'चेर्नोबिल' मालिका बघा, दुसरा भाग. शास्त्रज्ञ उलाना खोम्युकच्या मिन्स्कमधल्या खोलीची खिडकी उघडली जाते, किरणोत्साराचा अलार्म वाजतो. बाई किंचाळत नाही, कुणाला हाक मारत नाही. काचेवरची धूळ पुसून घेते, तपासायला लावते. आयोडीन 131 हे किरणोत्सारी आयोडीन निघतं, म्हणजे अणुभट्टीतलंच. मला आवडलेली ही एकच, आणि ती खरी नव्हतीच. कित्येक शास्त्रज्ञ मिळून एक पात्र केलंय.

पेट्रीडिश: धूळ पुसून घेते हे बेस्ट! आज रात्रीच लावते. नमुन्यावर लेबल लावते का, तेवढं सांगा.