कॉलेजचा ऑफिस स्टाफ आणि विद्यार्थी: ३० तासांच्या संगणक प्रशिक्षणात नेमकं काय बसवावं?

ऐरोली_लॅब
नमस्कार मंडळी. ऐरोलीतल्या एका पदवी महाविद्यालयात संगणक प्रशिक्षण आखायचं आहे. ऑफिसमधले १६ जण, त्यांना ३० तास. कला-वाणिज्य दुसऱ्या वर्षाचे ६० विद्यार्थी, त्यांना वेगळे ३० तास. लॅबमध्ये २० मशीन, ८ जीबी रॅम, एक्सेल २०१६ आणि लिब्रेऑफिस दोन्ही आहेत.

लिपिकांकडे एमएस-सीआयटी आणि टायपिंगची प्रमाणपत्रं आहेत, त्यामुळे ‘माउस कसा धरावा’पासून सुरुवात नको. रोजची अडचण वेगळीच आहे. विद्यापीठाच्या यादीतले पीआरएन (विद्यार्थ्यांचे कायम नोंदणी क्रमांक) एक्सेलमध्ये उघडले की बिघडतात, दोन याद्या जुळवताना निम्म्या ओळींत एन-ए (‘सापडलं नाही’ची खूण) येतं, मराठी सूचना दुसऱ्या मशीनवर वाचता येत नाही. क्रम कसा लावू, वेळ कोणती ठेवू आणि काय गाळू?

जमाखर्च_कळवा
आधी वेळ, कारण निम्मी प्रशिक्षणं तिथेच फसतात. पाच दिवस सहा-सहा तास बसवू नका. तिसऱ्या दिवशी डोकं चालत नाही आणि काउंटरवर रांग लागते. दीड तासाची २० सत्रं करा, एक दिवसाआड, आठ-आठ जणांच्या दोन तुकड्या. सकाळी काउंटर उघडायच्या आधी घ्या. संध्याकाळी पाचनंतर लक्ष ठाणे-वाशी लोकलच्या वेळेवर असतं आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. जून-जुलै प्रवेशांचे, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि एप्रिल-मे परीक्षांचे. जानेवारीअखेर ते मार्चची सुरुवात हाच मोकळा पट्टा.

आता पीआरएन. यावर अख्खी दोन सत्रं द्या. मुंबई विद्यापीठाचा पीआरएन १६ अंकी असतो आणि एक्सेल संख्येचे फक्त १५ अंक जपतो. त्यामुळे २०२३०१६४००१२३४५७ टाइप केलं की सेलमध्ये २०२३०१६४००१२३४५० राहतं. शेवटचा अंक गेला तो गेला. नंतर सेलचं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केलं तरी परत येत नाही. फॉरमॅट आधी, टायपिंग नंतर, हा क्रम हाताला बसवावा लागतो. १२ अंकी एबीसी आयडीचं (विद्यार्थ्याच्या श्रेयांक खात्याचा क्रमांक) तसं नाही. तो १.२३ई+११ असा दिसतो, पण आत अंक शाबूत असतात, सेलला ‘नंबर’ फॉरमॅट देऊन दशांश शून्य केले की पूर्ण दिसतो. हा फरक लोकांना कळला की घबराट कमी होते.

पोर्टलवरून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) आली तर तिच्यावर डबल-क्लिक करायचं नाही. एक्सेल २०१६ मध्ये कोरी शीट उघडा, डेटा टॅब, ‘फ्रॉम टेक्स्ट’, फाइल निवडा. पहिल्या पायरीत ‘फाइल ओरिजिन’मध्ये ६५००१ म्हणजे युनिकोड यूटीएफ-८ (सगळ्या लिप्यांसाठीची समान अक्षरपद्धत; हे चुकलं की मराठी नावांचा कचरा होतो), दुसऱ्या पायरीत स्वल्पविराम, आणि तिसऱ्या पायरीत पीआरएन, मोबाइल, एबीसी या स्तंभांवर एकेक क्लिक करून ‘टेक्स्ट’. लिब्रेऑफिस कॅल्क सीएसव्ही उघडतानाच हे सगळं विचारतं, म्हणून या एका कामासाठी मी कॅल्कच सुचवेन.

आणखी एक खड्डा. पीआरएन मजकूर म्हणून नीट ठेवले तरी दुबार नावं शोधायला काउंटइफ हे मोजणीचं सूत्र लावलं की ते मजकुराला पुन्हा संख्या समजतं आणि शेवटचा अंकच वेगळा असलेल्या दोन विद्यार्थ्यांना ‘दुबार’ ठरवतं. निकषाच्या शेवटी अँपरसँडने अवतरणातलं तारांकन (&"*") जोडा, मग तुलना मजकूर म्हणून होते. या चुकीने खरा विद्यार्थी यादीतून उडतो, म्हणून हे शिकवायलाच हवं.

एन-ए का येतं? बहुतेक वेळा तीनच कारणं. एका यादीत नंबर संख्या म्हणून, दुसरीत मजकूर म्हणून (सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसतो). नावापुढे अदृश्य स्पेस, ती ट्रिम सूत्राने जाते. आणि वेबपेजवरून कॉपी केलेली १६० क्रमांकाची स्पेस, ती ट्रिमने जात नाही. सबस्टिट्यूट सूत्रात कॅर(१६०) देऊन काढावी लागते. हा शेवटचा प्रकार माहीत नसल्यामुळे लोक पूर्ण दुपार हाताने नावं जुळवत बसतात.

एन-ए तरी दिसतं, चुकीचं उत्तर दिसत नाही. दुसऱ्या यादीतून किंमत शोधून आणणाऱ्या व्हीलूकअप सूत्राची चौथी जागा रिकामी सोडली की ते जवळपासची किंमत उचलतं आणि एकाचे मार्क दुसऱ्याला लागतात, तेही कुठलीही तक्रार न करता. तिथे फॉल्स किंवा शून्य लिहायचंच. टेबलचा पत्ता एफ-४ दाबून डॉलरने बांधायचा, नाहीतर सूत्र खाली ओढताना टेबलही खाली सरकतं. त्याचं नवं भावंड एक्सलूकअप शिकवू नका, २०१६ मध्ये ते नाही.

सॉर्ट करताना एकच स्तंभ निवडला की एक्सेल ‘एक्सपांड द सिलेक्शन’ असं विचारतं. तिथे दुसरा पर्याय निवडून ओके केलं तर नावं हलतात, मार्क जागेवर राहतात. हे मुद्दाम करून दाखवा, मग कंट्रोल-झेड. मर्ज केलेले सेल डेटाच्या यादीत अजिबात नकोत, मथळ्यात चालतील. पॉवरपॉइंटची ॲनिमेशन, क्लिपआर्ट, संगणकाच्या पिढ्या: सरळ गाळा.

देवनागरी_ठाणे
मराठीबद्दल. सूचना दुसऱ्या मशीनवर वाचता येत नसेल तर ती जवळजवळ नक्की जुन्या फॉन्टात आहे: श्रीलिपी, कृतिदेव वगैरे. त्यात संगणकाच्या लेखी ती इंग्रजी चिन्हंच असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो. फॉन्ट नसला की चेहरा गेला. उपाय फॉन्ट कॉपी करत फिरणं नाही, युनिकोड. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून काढल्या तरी ‘र्‍ह’, ‘त्त्व’, ‘ट्र’ अशी जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी तपासावीच लागते.

कीबोर्ड इन्स्क्रिप्टच (भारतीय लिप्यांची प्रमाण मांडणी) शिकवा. मांडणी एकदा समजली की पाठांतर लागत नाही: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. ‘के’वर क, शिफ्टसह ख. ‘एन’वर ल, शिफ्टसह ळ. मात्रा साध्या बटणावर, तोच स्वर सुटा हवा तर शिफ्ट. हलन्त ‘डी’वर.

आता ऑफिसमध्ये दर सूचनेत येणारा शब्द घ्या: कर्मचाऱ्यांना. ‘जे’ने र टाकून हलन्त आणि य दिला तर ‘कर्मचार्यांना’ होतं, ‘आचार्य’सारखं. इथे शिफ्ट-जे दाबून नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. ऱ्य जुळतो. हाच आकार दुसऱ्या वाटेनेही येतो, साधा र आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखे, पण संगणकाला वेगळे, म्हणून ‘फाइंड’मध्ये शब्द सापडत नाही आणि व्हीलूकअपही जुळत नाही. वरची एन-एची तीन कारणं तपासून झाली आणि तरी मराठी आडनाव जुळत नसेल तर हे चौथं. सगळ्यांनी एकाच कीबोर्डवर टाइप केलं तर हा घोळ मुळात होतच नाही.

ऐरोली_लॅब
खूप आभार, अगदी हवं तेच मिळालं. दोन गोष्टी राहिल्या. मेल मर्जमध्ये (यादीवरून प्रत्येकाचं वेगळं पत्र बनवताना) टक्केवारी ७६.३३३३३३३३ अशी छापली जाते, एक्सेलमध्ये मात्र ७६.३३ दिसते. आणि विद्यार्थ्यांच्या ३० तासांचं काय? त्यांना प्रमाणपत्र हवं आहे.

खारघर_वर्ग
विद्यार्थ्यांचं मी सांगते. पायथॉन प्रोग्रॅमिंगपासून सुरू करू नका. फोनवर वाढलेल्या मुलांना ‘फाइल कुठे आहे’ हा प्रश्नच पडलेला नसतो, सगळं डाउनलोड्समध्ये. पहिले चार तास फोल्डर, एक्स्टेन्शन दाखवणं, झिप, आणि फाइलचा आकार यांना द्या. शिष्यवृत्तीच्या अर्जात कागदपत्रं अडतात ती इथेच. ए-४ पान ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल, रंगीत असेल तर फाइल फुगते. १५० डीपीआय, ग्रेस्केल केलं की पिक्सेल एक-चतुर्थांश होतात आणि दाखला तरी वाचता येतो. आकार कमी करायला दाखले अनोळखी वेबसाइटवर चढवायची सवय मोडा, त्यावर आधार क्रमांक असतो.

पुढचे १६ तास आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल. लिब्रेऑफिस, पायथॉन, लाटेक असे बरेच विषय आहेत, पुष्कळ मराठीतही. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा. पद्धत महत्त्वाची आहे: अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, एक पायरी पाहायची, थांबवायचं, स्वतः करायची. प्रोजेक्टरवर सगळ्यांना एकत्र दाखवलं तर काही उरत नाही. प्रत्येकाला हेडफोन लागतो, आणि ६० मुलांसाठी २० मशीन म्हणजे तीन तुकड्या. दोघांना एक मशीन देऊ नका, एक शिकतो आणि एक बघतो. इंटरनेट डळमळतं असेल तर धडे आधी उतरवून लॅबच्या मशीनवर ठेवा.

प्रमाणपत्रासाठी ज्यांना पुढे जायचंय त्यांना ‘स्वयं’ या सरकारी ऑनलाइन मंचावरचे एनपीटीईएल (आयआयटींचे) कोर्स. शिकणं फुकट, परीक्षेला १००० रुपये. निकालात असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ टक्के. पण दोन्हीत वेगळं पास व्हावं लागतं, २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०. मुलं सुरुवातीपासूनच असाइनमेंट चुकवत जातात आणि मग परीक्षेत चांगले मार्क पडूनही प्रमाणपत्र जातं. १२ आठवड्यांच्या कोर्सात सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात, एवढी सवलत असते. प्रत्येक आठवड्याची अंतिम तारीख लॅबच्या फळ्यावर लिहून ठेवा.

जमाखर्च_कळवा
टक्केवारीचं: वर्ड सेलमधली दिसणारी संख्या घेत नाही, साठवलेली घेतो. दशांश कमी करणं हा फक्त देखावा. शेजारी एक स्तंभ घाला, त्यात टेक्स्ट सूत्राने दोन दशांशांचं रूप बनवा आणि मर्जला तो स्तंभ द्या. तारीख महिना-आधी छापली जाते तिथेही हाच इलाज. छापण्याआधी ‘एडिट इंडिव्हिज्युअल डॉक्युमेंट्स’ने सगळी पत्रं एका फाइलमध्ये काढा आणि पहिलं, मधलं, शेवटचं पत्र मूळ यादीशी ताडून पाहा.

सरावासाठी तुमचीच जुनी यादी वापरा. नावं आणि मोबाइल बदलून टाका, चुका मात्र तशाच राहू द्या: मागच्या स्पेस, मर्ज केलेले सेल, दोन प्रकारचे ऱ्य. पहिल्या सत्रात काही न शिकवता ती सगळ्यांना द्या आणि कोण कुठे थांबतं ते लिहून घ्या. तुकड्या त्यावरून पाडा, हुद्द्यावरून नाही. तीच फाइल विसाव्या सत्रात कोऱ्या प्रतीवर पुन्हा द्या.