पेशींच्या समूहाला डावे-उजवे कसे ठरवता येते?

प्रश्न (लातूर): अकरावीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, की कड्याच्या आकाराच्या पट्टीवर वाढवलेल्या पेशी एका ठरावीक बाजूलाच कलून का सरकतात? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (परभणी): पेशीतील ॲक्टिन या प्रथिनाचा तंतू उजव्या पिळाच्या सुतळीसारखा असतो आणि फॉर्मिन हे प्रथिन तो लांबवताना त्याला पीळही देते, त्यामुळे पेशीच्या सांगाड्यालाच एका बाजूचा कल मिळतो, आणि शेजारच्या पेशींना चिकटून राहिल्याने तो समूहभर पसरतो.

उत्तर (नांदेड): सर, हे मान्य आहे; मात्र पेशींच्या प्रकारानुसार दिशा वेगळी असते, म्हणजे केवळ पीळ पुरेसा नाही. फळमाशीत मायोसिन-१डी हे ॲक्टिनच्या तंतूवर सरकणारे प्रथिन बिघडल्यास आतड्याचे वळण उलटते, हे २००६ मध्येच दिसले होते. मला हा पुरावा अधिक बोलका वाटतो.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. फळमाशीचे उदाहरण वर्गात सांगेन.