एकट्याला मगर का दिसत नाही

खाडीकाठचा
परवा या फोरमवर एक लेख आला. सारांश असा: 'चिपळूणला एकटाच गेलो, वाशिष्ठीतल्या मगरी बघायला. होडीवाल्यानं अख्ख्या होडीचे पैसे घेतले, दोन तास धक्क्यावर ताटकळत ठेवलं आणि दाखवली काय, तर शेपटी. कोकणी माणसाला धंदा कळत नाही.' रविवारी वाचलं, मंगळवारपर्यंत गप्प बसलो. आता बसवत नाही.

होडीला डिझेल माणसं मोजून लागत नाही. एक बसला काय, सहा बसले काय, मालदोलीपर्यंत इंजिन तेवढंच पितं. हे सोडा. लेखकमहाशय स्वतःच लिहितात की एकादशी होती आणि धक्क्यावर साबुदाणा वडा मिळाला. एकादशीला भरती कधी? तिथीचा आकडा पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती; अकराचे सव्वाआठ. खाडीत आत त्याहून उशिरा. म्हणजे तुम्ही नऊला पोचलात तेव्हा खाडी तुडुंब. मगर ऊन खायला गाळावर येते, आणि गाळ होता पाण्याखाली. तुम्हाला बसवून ठेवलं ते पाणी उतरावं म्हणून. आणखी दोन तास दम धरला असतात तर शेपटीच्या पुढचंही दिसलं असतं. थंडीत तृतीया-चतुर्थीला या, सकाळी सुकती, म्हणजे ओहोटी, आणि कोवळं ऊन एकदम मिळतं.

एकटे येणारे मला माहीत आहेत. एकदा असाच एक कॅमेरावाला आमच्या होडीत होता. 'जवळून पाहिजे' म्हणून काठाला उतरला आणि मांडीपर्यंत गाळात. वल्हं आडवं टाकून आम्ही तिघांनी त्याला ओढला. एक बूट अजून तिथंच असेल. वर आल्यावर बघतो तर चार हातांवर पोटाची ताजी घसट, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना नखं उमटलेली. तो त्या घसटीचाही फोटो काढायला निघाला होता!

एकटा जीव
लेख माझाच. तुमच्या कॅमेरावाल्याला ओढायला तुम्ही तिघं होतात, मग तो एकटा कसा?

अख्ख्या होडीचे पैसे मी कुरकुर न करता दिले. राग वेगळ्याचा आहे. शेजारच्या होडीत आठ जणांचं कुटुंब, स्पीकरवर गाणी, पोरं 'मगर, मगर' ओरडतायत. त्यांना 'या साहेब'. मी दुर्बीण घेऊन गप्प बसणारा, मला 'एकटेच?' असं, जणू पॅरोलवर सुटून आलोय. खाडीत काही बघायचं तर एकट्यानंच जावं. खंड्या, बगळे, समुद्रगरुड, सगळे आवाजानं उठतात. आणि रात्री तीन लॉजवर 'सिंगलला देत नाही' ऐकलं. तेही भरतीमुळंच का?

देवबागचो
आमच्याकडे देवबागाक कर्ली नदीच्या संगमार डॉल्फिन बघूक गर्दी. एकटो माणूस इलो तर मी सांगतंय, थांब, अजून चार जण येऊंदेत. थांबूक नको तर अख्खी होडी घे. ह्यात लुटणा खंय इला? आणि ऊद, म्हणजे पाणमांजरा, बघूचे असतीत तर माझ्या बापाशीच्या जाळ्याकडे येवा. मासे खातत ते खातत, वर जाळा फाडतत. थंय फुकट दाखवतंय.

वैतागलेला चाकरमानी
मगरी राहू द्या, तिथवर पोचायचं कसं ते सांगा. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून चाललंय. माझा मुलगा तेव्हा बालवाडीत होता, आता मिसरूड फुटलंय. २०२४ च्या पावसात मगर चिपळूणच्या रस्त्यावर फिरत होती, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. तिलाही खाडी आणि रस्ता यातला फरक कळला नसणार.

खाडीकाठचा
आला महामार्ग. या माणसाला मोदकाची पाककृती दिली तरी हा महामार्गावरच्या कशेडी घाटात पोचतो.

मावशीचा भाचा
लॉजबद्दल बोलतो, कारण मावशीचं घरगुती निवास आहे. एकटा पुरुष आला की तिच्या पोटात गोळा येतो. तीन वर्षांपूर्वी एक जण आला, दार लावलं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडलं नाही. पोलीस, पंचनामा, गावभर चर्चा. माणूस वाचला. पण मावशी महिनाभर त्या खोलीत केर काढायलाही गेली नाही. आता 'सिंगल नाही' म्हणते. तुम्ही पक्षी बघायला आलात हे तिनं तोंडावरून ओळखायचं का?

एकटा जीव
वाईट झालं. पण म्हणून माझ्यासारख्यानं गाडीत झोपायचं? तीही डासांत? आधार कार्ड घ्या, आगाऊ पैसे घ्या, घरचा नंबर घ्या. चार मित्र दारूच्या खोक्यासकट आले तर खोली लगेच रिकामी होते, ते बरं चालतं!

मावशीचा भाचा
मावशीकडे दारू चालत नाही. न बघता बोलू नका.

मंडणगडची सून
पुरुषांचं रडगाणं संपलं असेल तर बोलू? वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ते बघायला मी एकटी गेले होते. ज्या घरी उतरले त्या काकूंनी स्वतःच्या खोलीत गादी घातली, पहाटे उठवून किनाऱ्यावर पाठवलं. पिल्लांवर झाकलेली टोपली उचलली, तळहातात मावतील अशी दहाबारा पिल्लं, एक उलटं चालायला लागलं. सगळे श्वास धरून. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, 'मिस्टर नाही आले?' चहाच्या आत पाच वेळा हा प्रश्न. खोली मिळते हो, सुटका मिळत नाही.

आणि शांत होडी हवी तर वेंगुर्ल्याला जा. मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका कांदळवनातून वल्ह्यावर फिरवतात. इंजिन नाही, त्यामुळं डिझेलचं पुराणही नाही. कांदळाचं झाड कुठलं, चिपीचं कुठलं, सगळं सांगतात.

खाडीकाठचा
वल्ह्यानं मालदोलीपर्यंत जाऊन दाखवा, मी हार घालतो. पण ठीक आहे, स्पीकरवाल्यांना होडीत घेऊ नये हे मान्य. आमच्या धक्क्यावर मी दोनदा बोललो आणि दोनदा शिव्या खाल्ल्या. 'तू काय वनखातं आहेस का?'

एकटा जीव
काहीतरी मान्य झालं म्हणायचं. पाऊणपटचा हिशोब मला खरंच माहीत नव्हता. होडीवाल्यानं सांगितला असता तर चिडलो नसतो.

खाडीकाठचा
विचारलात का?

एकटा जीव
नाही. पुढची तृतीया कधी?

खाडीकाठचा
कॅलेंडर भिंतीवर असेल, बघा. होडी मात्र अख्खीच घ्यावी लागेल.

मंडणगडची सून
अर्धे पैसे मी देते. होडीत बोलणार नसाल तर.