मदत हवी आहे: दिवेलागणीला सासूबाईंचं 'मला घरी सोड'

सासूबाई ७६ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी अल्झायमर्सचं निदान झालं, डोनेपेझिल ही त्यावरची गोळी चालू आहे. सकाळी बऱ्या असतात. लसूण सोलून देतात, पेपर हातात धरून बसतात (वाचतात की नाही, देव जाणे). पण सहा वाजत आले, खिडकीतलं ऊन उतरलं की पदर खोचून दाराशी उभ्या. "मला वाईला सोड. अण्णा ओट्यावर वाट बघत असतील." आम्ही पुण्यात. अण्णा म्हणजे त्यांचे वडील, जाऊन तीस वर्षं झाली.

पहिल्यांदा मी खरं ते सांगितलं. आत्ताच तार आल्यासारख्या रडल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पुन्हा तसंच रडणं. आता "उद्या सकाळच्या एसटीने जाऊ" म्हणते. नवरा म्हणतो, आईशी खोटं बोलू नकोस. तो साडेआठला येतो, तोवर त्या दमून पडलेल्या असतात. त्याला बोलायला काय जातंय!

गेले चार दिवस मात्र फार बिघडलंय. रात्रभर जाग्या, मला ओळखत नाहीत, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणतात. मंगळवारी कडी काढून खाली गेल्या, वॉचमनने गेटवर अडवलं. आजार पुढे गेला का? दाराचं काय करू? आणि एसटीचं सांगते ते चुकतंय का?

प्रतिसाद १
आधी ते चार दिवसांचं बघा. अल्झायमर्स हळूहळू वाढतो. इतका फरक एकदम पडला तर बहुतेक वेळा मागे दुसरं काही असतं. लघवीचा संसर्ग, पोट साफ नसणं, पाणी कमी पडणं, रक्तातलं सोडियम उतरणं, एखादी नवी गोळी. या वयात संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही. माझ्या वडिलांना साध्या सर्दीच्या गोळीने असंच झालं होतं. आजच डॉक्टरांकडे न्या. झोपेची गोळी मनाने देऊ नका.

प्रतिसाद २
आमच्याकडे पाचलाच सगळे दिवे लागतात, पडदे ओढतो, चहा-बिस्किटं समोर. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. दाराला वर, नजर सहज जाणार नाही तिथे दुसरी कडी आणि एक घुंगरू. पण त्यांना आत एकटं ठेवून कुलूप लावू नका. नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी कायम अंगावर असू दे. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

एसटी चालू ठेवा. नाहीतर अण्णांबद्दल विचारा, माणूस बोलण्यात गुंततं. आणि एक संध्याकाळ नवऱ्याला एकट्याला बसवा त्यांच्यापाशी.

धागाकर्ती
लघवीत संसर्गच निघाला. औषध सुरू झालं, मुंग्या गेल्या. वाई आहेच. अण्णांचं विचारलं तर पानाच्या डब्यापासून सुरुवात झाली, चहा गार झाला तरी थांबेनात.

रविवारी मी मुद्दाम भाजीला गेले. परत आले तेव्हा नवरा दाराशी उभा राहून सांगत होता, "अगं आई, आत्ता गाडी नाही. सकाळची पहिली धरू."