फ्लॉरेन्समध्ये खरं चांगलं जेलातो कुठे? (आई अंडं खात नाही)

पायवाट
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आईबाबांना घेऊन इटलीला चाललेय, त्यात फ्लॉरेन्सला पूर्ण ३ दिवस आहेत, राहायचं सान्ता क्रोचे चर्चच्या मागच्या गल्लीत. उफीझी आणि आकादेमिया ही म्युझियम, दुओमो म्हणजे तिथलं मुख्य चर्च, सगळी तिकिटं काढून झाली, तो भाग मार्गी लागलाय. आता राहिलं जेलातो, म्हणजे इटालियन आइस्क्रीम, आणि माझ्यासाठी ते म्युझियमइतकंच महत्त्वाचं आहे कारण आईचा दुधासायीवर फार जीव आणि अख्ख्या ट्रिपमध्ये तिने स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट आहे.

अडचण अशी की आई अंडं अजिबात खात नाही, दारू घातलेलंही चालत नाही. आणि मी मागे एकदा कामानिमित्त एक दिवस तिथे होते तेव्हा पोन्ते वेक्कियो पुलाजवळ एका दुकानात शिरले, रंगीबेरंगी डोंगर रचलेले, भाव कुठेच लिहिलेला नाही, पोराने साइज न विचारताच भलामोठा कोन भरून हातात दिला आणि १३ युरो मागितले. चवीला नुसती साखर. मी एकटी होते म्हणून गप्प बसले पण आईच्या वाट्याला ते यायला नको. तर दुकानं कुठली, बघून ओळखायचं कसं, आणि अंड्याचं विचारायचं कसं? जे तिथे राहिलेत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

आर्नोकाठ
मी शिकायला ४ वर्षं तिथे होतो, त्यामुळे लिहायला बसलो की थांबवत नाही, सांभाळून घ्या.

आधी ओळखायचं कसं ते, म्हणजे यादी नसतानाही अडणार नाही. दुकानात शिरल्यावर पहिली नजर पिस्त्यावर टाकायची. पिस्ता भाजून वाटला की मातकट, शेवाळी, थोडासा तपकिरीकडे झुकणारा रंग येतो. पोपटी दिसला तर सरळ मागे फिरायचं. केळं करडट असायला हवं, पिवळंधमक नाही, पुदिना पांढरा. दुसरी गोष्ट म्हणजे ते डोंगर. चांगलं जेलातो मऊ असतं, साधारण उणे १२ ते १४ डिग्रीला ठेवतात (आपलं नेहमीचं आइस्क्रीम उणे १८ च्या आसपास), त्यात हवा कमी आणि फॅटही कमी, त्यामुळे ते ट्रेच्या वर फूटभर उभंच राहू शकत नाही, खाली बसतं. उभं राहिलंय म्हणजे त्याला उभं ठेवणारं काहीतरी घातलंय. सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे जिथे जेलातो दिसतच नाही, काउंटरमध्ये स्टीलची गोल झाकणं ओळीने बसवलेली असतात, त्या खोल डब्यांना पोझेत्ती म्हणतात. झाकण उचललं की आतून थंड वाफ वर येते, तो चपट्या उलथन्यासारख्या चमच्याने जेलातो डब्याच्या कडेला दोनतीनदा दाबून फिरवतो आणि मग कपात भरतो. ते दाबणं महत्त्वाचं, त्याने ते लोण्यासारखं होतं.

आता दुकानं. तुम्ही सान्ता क्रोचेला आहात म्हणजे विवोली अगदी दारात, व्हिआ इसोला देल्ले स्तिंके या बारक्या गल्लीत. पूर्वी तिथे स्तिंके नावाचा शहराचा तुरुंग होता, गल्लीचं नाव त्यावरून. विवोलीत कोन मिळत नाही, फक्त कप, मागूही नका. त्यांचं रिझो म्हणजे तांदळाचं जेलातो खाऊन बघा, मध्ये मध्ये शिजलेली शितं दाताखाली येतात, मी परीक्षेच्या दिवसात त्याच्यावरच जगलोय. तिथून पाच मिनिटांवर व्हिआ देई नेरीला जेलातेरिया (म्हणजे जेलातोचं दुकान) देई नेरी, रिकोत्ता (मऊ ताजं चीज) आणि अंजीर घ्या, सप्टेंबर म्हणजे अंजिराचाच मोसम आहे. दुओमोहून पियात्सा देल्ला सिन्योरियाकडे येताना आडव्या गल्लीत पेर्के नो, १९३९ पासूनचं, नावाचा अर्थच "का नाही!". आणि संध्याकाळी पूल ओलांडून ला कार्राया, पोन्ते अल्ला कार्रायाच्या पलीकडच्या टोकाला. कोन घेऊन पुलाच्या मध्यावर यायचं, पुढे सान्ता त्रिनिता पूल दिसतो, त्याच्या मागे पोन्ते वेक्कियो, आणि सात साडेसातला सप्टेंबरमध्ये सगळा दगड मधासारखा दिसतो. आईबाबांना तिथे नेल्याशिवाय परत येऊ नका.

पण माझं एकच निवडायचं झालं तर जेलातेरिया देल्ला पास्सेरा. पित्ती राजवाड्याजवळ त्याच नावाचा इवलासा चौक आहे, दुकान म्हणजे कोपऱ्यातली एक खोली, बसायला जागा नाही, फ्लेवर मोजके. मोजके असणं हेच मला आवडतं. रोज ताजं करणाऱ्याला चाळीस प्रकार झेपत नाहीत.

एक राहिलं, पत्ते शोधताना गोंधळ होतो. फ्लॉरेन्समध्ये दुकानांचे नंबर लाल आणि घरांचे निळे किंवा काळे, दोन्ही वेगवेगळे मोजतात. पत्त्यात आकड्यानंतर आर अक्षर असलं की लाल नंबर बघायचा. त्याच रस्त्यावर नुसता ७ आणि लाल ७ यांच्यात बरंच अंतर असू शकतं, मी पहिल्या महिन्यात यात खूप चाललोय.

शेवंती
अंड्याबद्दल मी लिहिते कारण आमच्या घरी पण हेच आहे.

पहिलं म्हणजे क्रेमा आणि फिओर दि लात्ते या दोन्हीत फरक ओळखा. दोन्ही साधे, दोन्ही फिकट, शेजारी शेजारी ठेवलेले. क्रेमा म्हणजे अंड्याच्या पिवळ्या बलकाचा, किंचित पिवळसर. फिओर दि लात्ते म्हणजे नुसतं दूध, साय, साखर, पांढराशुभ्र. आईंसाठी फिओर दि लात्ते हाच मुख्य, आणि खरं सांगू का, दुकान कसं आहे ते यातच कळतं, कारण लपवायला काही नसतं. तो चांगला निघाला तर मग स्त्राच्चातेल्ला घ्या, तो बहुतेक ठिकाणी त्याच दुधावर चॉकलेटची पातळ धार सोडून करतात, धार थंडीने फुटते आणि तिचे तुकडे होतात. (१९६१ मध्ये बेर्गामो गावातल्या एका हॉटेलवाल्याने शोधला म्हणतात.)

टाळायचे: क्रेमा, झाबायोने (बलक आणि मार्साला वाइन दोन्ही), तिरामिसू, मालागा (दारूत भिजवलेले बेदाणे), आणि झुप्पा इंग्लेझे. या शेवटच्यात अल्केर्मेस नावाचं लाल मद्य असतं, आणि पारंपरिक पद्धतीत तो लाल रंग किड्यापासून काढलेला असतो, त्यामुळे आपल्याकडच्या शाकाहारी माणसाने तो दुप्पट टाळावा. पान्ना कोत्ता नावाच्या फ्लेवरमध्ये जिलेटिन असू शकतं. विवोलीच्या अफ्फोगातोचे जे व्हिडिओ सगळीकडे फिरतायत ना, कपाच्या आतून जेलातो लिंपून वरून गरम एस्प्रेसो ओततात तो, तो क्रेमाचा असतो. आईंना नको. रिझोचं पण विचारूनच घ्या.

विचारायचं असं: "चे लुओवो?" म्हणजे यात अंडं आहे का. किंवा "सेन्झा उओवा?", अंड्याशिवाय? पण नुसत्या तोंडी उत्तरावर राहू नका, गर्दीत पोरं पटकन नाही म्हणून टाकतात. युरोपात नियमच आहे की दूध, अंडं, सुकामेवा वगैरे १४ अलर्जीच्या गोष्टी कशात आहेत हे गिऱ्हाइकाला सांगता आलं पाहिजे, त्यामुळे प्रत्येक दुकानात त्याची यादी असते. "अल्लेर्जेनी" एवढा एक शब्द म्हणा आणि हाताने पुस्तक उघडल्याची खूण करा, प्लॅस्टिकची फाइल काढून देतात. फ्लेवरची नावं डाव्या बाजूला, वर रकाने, उओवा लिहिलेल्या रकान्यात खाली बोट फिरवत जायचं.

दुपारचा_चहा
आर्नोकाठ यांचं बाकी सगळं पटलं पण पिस्त्याच्या रंगावर एवढी भिस्त ठेवू नये असं मला वाटतं. ही युक्ती आता प्रत्येक गाइडबुकात आहे, दुकानदारही ती वाचतात, मातकट रंगाची तयार पेस्टही मिळते. त्यापेक्षा चव मागा. "पोस्सो आस्साज्जारे?" म्हटलं की छोट्या चमच्यावर देतात. खऱ्या पिस्त्यात भाजल्याचा वास आणि शेवटी किंचित खारटपणा लागतो, बदामाच्या इसेन्ससारखा वास आला तर तो पिस्ता नाही. सिसिलीतल्या एत्ना डोंगराच्या उतारावर ब्रोन्ते गाव आहे, तिथला पिस्ता सगळ्यात नावाजलेला, पण तिथे पीक वर्षाआड काढतात आणि तो महाग असतो. त्यामुळे "ब्रोन्ते" अशी पाटी आणि पिस्त्याचा भाव व्हॅनिलाइतकाच असेल तर जरा विचार करा.

आणि "आर्तिजानाले" (म्हणजे कारागिराने हाताने केलेलं) या पाटीला भुलू नका, ती कुणीही लावतं. मी मोसम बघते. सप्टेंबरअखेरीस अंजीर, द्राक्षं, नाशपती असेल तर तो माणूस बाजारात जातो. स्ट्रॉबेरी, आंबा, कलिंगड सगळंच बारा महिने असेल तर डबे उघडतो.

आर्नोकाठ
@दुपारचा_चहा बरोबर आहे, मातकट असला म्हणजे खरा असं नाहीच. माझं म्हणणं उलट बाजूने होतं, पोपटी असला तर नक्की खोटा. नापास करायला ती खूण चालते, पास करायला चवच घ्यावी लागते. मोसमाचा मुद्दा मी लिहायला हवा होता, तो माझ्या खुणांपेक्षा चांगला आहे.

घाटवाट
बादियानी कसं कुणी लिहिलं नाही? व्हियाले देई मिल्ले, स्टेडियमच्या बाजूला, मध्यवस्तीतून चालत अर्धा तास धरा. १९३२ पासूनचं दुकान आणि त्यांचा बुओन्तालेन्ती हा फ्लेवर. बेर्नार्दो बुओन्तालेन्ती हा १६व्या शतकातला, फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या दरबारचा वास्तुकार, पित्ती राजवाड्यामागच्या बोबोली बागेतली ती मोठी गुहा त्याचीच, आणि मेजवानीसाठी त्याने थंड सायीचा पदार्थ केला अशी गोष्ट तिथे सांगतात. दूध, साय, साखर, अंडं, बाकी काही नाही. आईंना चालणार नाही पण बाबा खात असतील तर एकदा तरी घ्याच, त्यासाठी मुद्दाम बस पकडावी इतका तो चांगला आहे.

पायवाट
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, प्रिंट काढून ठेवतेय. बाबा अंडं खातात, त्यांना बुओन्तालेन्ती नक्की. अजून दोन शंका, आधी पैसे द्यायचे की आधी घ्यायचं? आणि आईचे गुडघे दुखतात, बसून खायला मिळेल का?

शेवंती
पैशांचं दुकानावर अवलंबून आहे. काही ठिकाणी आधी कास्सावर म्हणजे गल्ल्यावर जाऊन साइज सांगायची, पैसे भरायचे आणि पावती घेऊन काउंटरला यायचं, काही ठिकाणी उलट. पुढचा माणूस काय करतोय बघा. "पिक्कोला" म्हणजे लहान, हे आधीच बोला म्हणजे मागच्यासारखं होणार नाही, लहानात पण दोन फ्लेवर देतात आणि साधारण ३ ते ४ युरोत होतं. भाव भिंतीवर दिसत नसतील तर घेऊच नका. कोपेत्ता म्हणजे कप, आईंना कोन नको, कपच द्या, सप्टेंबरमध्ये दुपारी अजून भरपूर वितळतं.

बसण्याचं म्हणाल तर टेबलावर बसलं की भाव वेगळा असतो, कधी कधी बराच जास्त, त्यामुळे आधी विचारा. व्हिआ देई नेरीच्या फुटपाथवर मात्र टेकू नका, सँडविचवाल्यांमुळे तिथे इतकी गर्दी व्हायची की २०१८ मध्ये नगरपालिकेने तिथे जेवणाच्या वेळेत रस्त्यावर खात बसण्यावर दंड ठेवला होता. कप घेऊन सान्ता क्रोचेच्या चौकात या, तिथे दगडी बाक आहेत.

पायवाट
काल परत आलो. लिहायचं कबूल केलं होतं म्हणून लगेच लिहितेय.

पहिल्या संध्याकाळी विवोलीला गेलो तर अफ्फोगातोसाठी गल्लीच्या टोकापर्यंत रांग, आईला उभं राहवेना, नेरीला गेलो. मी "अल्लेर्जेनी" म्हटलं तर मुलीने खरंच निळी फाइल काढली आणि काउंटरवरून वाकून स्वतः आईचं बोट धरून रकान्यातून खाली नेलं, रिकोत्ता आणि अंजिरासमोर उओवाची खूण नव्हती. आईने पहिला चमचा खाल्ला आणि काही बोललीच नाही, दुसरा खाल्ला, मग म्हणाली बिया आहेत गं यात, खरं अंजीर आहे. विवोलीचं रिझो दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या जाऊन घेतलं, रांग नव्हती, बाबांनी एकट्याने संपवलं.

पास्सेराला मात्र आम्ही तीनही दिवस गेलो. पित्ती बघून निघालो की आपोआप पाय तिकडे वळायचे. आईने रोज फिओर दि लात्ते आणि लिंबाचं सोर्बेत्तो (बिनदुधाचं, फळाच्या रसाचं) घेतलं, तिसऱ्या दिवशी आम्ही दारात दिसलो तर त्या बाईंनी न विचारता तोच कप काढला आणि आईकडे बघून "सेन्झा उओवा" म्हणाल्या. आईला आता एवढं एक इटालियन येतं.

बादियानी राहिलं, बाबांचे पाय थकले होते. कार्रायाच्या पुलावर मात्र गेलो, पण साडेसातला नाही, सातलाच जा, सप्टेंबरअखेरीस साडेसातपर्यंत ऊन गेलेलं असतं.

आर्नोकाठ
वेळेचं बरोबर आहे, माझ्या डोक्यात महिन्याच्या सुरुवातीचा अंदाज होता. वरच्या पोस्टमध्ये आता बदल करता येत नाहीये, पुढे वाचणाऱ्यांनी सातच धरा. आणि नेरीतल्या मुलीचं वाचून फार बरं वाटलं.