'पुन्हा पेटवा' म्हणजे नक्की काय पेटवायचं?

कोमट चहा:
जय ख्रिस्त. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) आधी आमच्या चर्चमध्ये तीन रात्री संजीवन सभा झाल्या, म्हणजे थंडावलेला विश्वास 'पुन्हा पेटवा' म्हणणाऱ्या सभा. (कुठलं चर्च ते विचारू नका, पुणं लहान आहे.) घरटी पाचशे वर्गणी, बाहेरगावचा वक्ता, भाड्याचे स्पीकर. विषय बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकातला, इफिसच्या मंडळीवरचा ठपका: तू आपली पहिली प्रीती सोडलीस. रविवारी, शेवटच्या रात्री, दिवे मंद केले, की-बोर्डवर एकच सूर घोळत राहिला, आणि 'ज्यांची आग विझली आहे त्यांनी पुढे या' म्हटल्यावर मी गेलो. बावन्न वर्षांचा माणूस, रुमाल भिजेपर्यंत रडलो. सोमवारी सकाळी सहाला बायबल उघडलं. पाणी यायच्या आधी नळातून नुसती हवा फुसफुसते ना, तसं झालं. पाणी काही आलंच नाही.

एकोणिसाव्या वर्षी एका शिबिरात मला जे झालं ते खरं होतं, हे मी आजही म्हणतो. पण ते परत आणा, परत आणा, हा धोशा आता सोसत नाही. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये छापून आली तेव्हा कळलं, आत काहीच जाणवत नसताना त्या बाईंनी कित्येक दशकं काम केलं. मग माझ्यासारख्याच्या कोरडेपणाला पाप कशाला म्हणायचं? माझं मत: या सभा बंद करा. वय वाढलं की विश्वास असा कोरडाच असतो, घाबरू नका, एवढं पाळकसाहेबांनी पुलपिटावरून सांगितलं तरी पुष्कळ झालं.

दौंड शटल:
साफ नामंजूर. असं सांगितलं की आळशाला उशी मिळते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ चा, इंग्लंडमधला. पुढे त्यांनीच साक्षीत लिहिलंय की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला आणखी आठ वर्षं लागली. त्या आठ वर्षांत बाई रिकाम्या नव्हत्या, अमेरिका झाली, १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन निघालं. तरी 'चालायचंच' म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

आणि १९०५ विसरलात का? वेल्समधल्या धार्मिक जागृतीची बातमी केडगावला पोचली होती. तिथल्या रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये साडेपाचशेच्या घरात मुली-बायका दिवसातून दोनदा प्रार्थनेला जमू लागल्या, त्यातल्या कितीतरी दुष्काळातून उचलून आणलेल्या. जूनच्या अखेरीला तिथे जी जागृती झाली तिची बातमी जगभर गेली. भाड्याचे स्पीकर नव्हते हे कबूल, पण मागितलं म्हणून मिळालं. तुम्ही मागणंच बंद करा म्हणताय.

नगर रोड:
मी कॅथलिक, तुमच्या भांडणात नाक खुपसतो. मदर तेरेसांच्या आड लपायच्या आधी सोळाव्या शतकातल्या संत जॉन ऑफ द क्रॉसच्या तीन खुणा तपासून बघा. देवाच्या गोष्टींत गोडी नाही, पण इतर कशातही नाही. आपण देवाला कमी पडतोय ही टोचणी सुटत नाही. आणि पूर्वीसारखं चिंतन करायला बसलं तर मन जागचं हलत नाही. तिन्ही असतील तर ती देवानेच आणलेली काळोखी रात्र, तिथे फार ढवळाढवळ करू नये. कोमट चहा, पहिल्या खुणेपासून सुरू करा. आयपीएल बघताना कोरडं वाटतं का?

कोमट चहा:
प्रामाणिकपणे सांगतो, नाही. नाटक, मिसळ, शनिवारी सिंहगड, सगळ्यात गोडी आहे. फक्त तिथेच नाही.

नगर रोड:
मग रात्र वगैरे काही नाही. डुलकी लागलीय तुम्हाला.

सदाशिव पेठ पश्चिम:
मी ख्रिस्ती नाही, आयडी वाचून आत आलो. १८९० मध्ये पंच हौद मिशनात चहा घेतला म्हणून लोकमान्य आणि रानड्यांवर ग्रामण्य (धर्म बाटल्याचा खटला) झालं होतं, तो निदान गरम असावा! बाकी आमच्याकडे तरी काय वेगळं, दहा दिवस डीजे आणि अकराव्या दिवशी सामसूम.

हिंजवडी ते कॅम्प:
काका, ते ड्रम बहुतेक मीच वाजवले. (चर्च ओळखलं, बोलत नाही.) शुक्रवारी ऑफिसातून दीड तास ट्रॅफिकमध्ये रखडत आलो, चहासुद्धा न घेता, आणि इथे वाचतोय की सगळं भाड्याचं होतं. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंग-भजनांचा बाज उपासनेत आणला तेव्हा तोही नवाच होता ना? टाळ-मृदंग चालतो, मग ड्रमने काय घोडं मारलंय? तुम्ही रडलात ते खोटं नव्हतं. सोमवारचा हिशोब रविवारच्या ड्रमरकडे कशाला मागता?

कोमट चहा:
टाळ वाजवणारा आळंदीहून पंढरपूरपर्यंत चालत जातो रे बाबा. तुझे ड्रम साउंडवाला टेम्पोत घालून घेऊन गेला. पण सोमवारचं म्हणतोस ते लागलं मला.

लोईसची नात:
'पेटवा' या शब्दावरच सगळे अडलात. बायबलमध्ये पौलाने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिलं, तुला मिळालेलं कृपादान प्रज्वलित कर. मूळ ग्रीक शब्दात निखारे फुंकून जाळ काढणं आहे, नवी काडी ओढणं नाही. माझी आजी नगरकडची. रात्री जेवणं झाली की ती चुलीतले दोन जाड निखारे मागे सारायची आणि वर राख ओढायची. पहाटे राख हलकेच बाजूला केली की आत बोराएवढं तांबडं दिसायचं. त्यावर गोवरीचा चुरा, चार काटक्या, मग फुंकणी. आम्ही पोरं हौसेने जोरात फुंकायचो, राख उडून डोळ्यांत जायची आणि डोळे गळायला लागायचे. तुमच्या त्या रात्रीचं वाचून मला तेच आठवलं. राग मानू नका. आणि हो, या वचनाच्या अगदी आदल्या वचनात पौल तीमथ्याच्या आजीचं नाव घेतो, लोईस, आणि आईचं, युनीके. वक्त्याचं नाव कुठे आलेलं नाही.

दौंड शटल:
ताई, राखेखाली विस्तव असेल तर हे सगळं ठीक. नसेलच तर? शेजारच्या घरून विस्तव मागून आणायची रीत होती की नव्हती? सभा म्हणजे तेच.

लोईसची नात:
होती. खापरावर दोन निखारे घालून आणायचे. पण जिची चूल विझली ती गुपचूप जाऊन आणायची, गावभर कर्णा लावून नाही. आणि आणलेला विस्तव त्या रात्री राखेखाली झाकायचा कोणी? तुमच्या रमाबाईंचंच घ्या. तो जून उलटून गेल्यावरही बाई हिब्रू आणि ग्रीक घेऊन बायबलच्या भाषांतराला बसत राहिल्या, साध्या बायकांना कळेल अशा मराठीसाठी शब्द घासत, १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत. छापून आलं १९२४ मध्ये. संजीवन सभेत १९०५ बद्दल दहादा ऐकलं मी, या भाषांतराबद्दल एकदाही नाही. त्यात पुढे येऊन रडण्यासारखं काही नाही ना.

दौंड शटल:
भाषांतराचं बळ त्या जूनमधूनच आलं असं मी म्हणेन. पण ते सिद्ध करता येणार नाही, तेव्हा थांबतो.

कोमट चहा:
पुढच्या वर्षी वर्गणी देणार नाही, यावर ठाम आहे. नगर रोडवाल्यांची डुलकी मात्र दोन दिवस डोक्यातून जात नाहीये. आमच्याकडे बुधवारची प्रार्थना असते, चार म्हाताऱ्या बायका आणि पाळकसाहेब. माझी आई होती तोवर पाच होत्या. तिला सोडायला जायचो आणि बाहेर स्कूटरवर बसून पेपर वाचायचो. या बुधवारी आत जाऊन बसणार आहे. काही होईल अशी अपेक्षा नाही.

हिंजवडी ते कॅम्प:
किती वाजता असते, काका?

कोमट चहा:
साडेसहा. पंखा चालत नाही.